बसल्यावरचं माप

मला पाती आहेत, पण मी चाकू नाही. माझ्यावर आकडे आहेत, पण मी पट्टी नाही. पंख्यासारखा मी उलगडतो, पण माझ्याने वारा येत नाही. नवखी माणसं मला हातात घेतात, उलटसुलट करून बघतात आणि "हे नखं कापायचं का?" असं विचारून खाली ठेवतात. म्हणून आधीच सांगून टाकतो. मी फिलर गेज. दोन वस्तूंमधली फट मोजणं हे माझं काम.

फट म्हणजे दाराखिडकीची नव्हे. माझी फट इतकी बारीक असते, की डोळा लावून बसलं तरी धड दिसत नाही. तिच्यात माझं एक पातं सरकवायचं. सहज आत गेलं तर फट मोठी आहे. अडलं तर लहान आहे. आणि जरासं घासत, कुरकुरत गेलं तर बरोबर आहे. त्या कुरकुरण्यात माझं सगळं शहाणपण आलं. बाकी मला काही येत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादाच्या पट्ट्या दाबून पातळ केल्या, कापल्या, त्यांवर आकडे ठोकले आणि एका टोकाला भोक पाडून सगळ्या भावंडांना एकाच खिळ्यात ओवलं. तेव्हापासून आम्ही एकत्र राहतो. रुसून दूर जायची सोयच नाही. आमच्यातलं सर्वांत पातळ पातं फार हळवं आहे. कुणी जोरात ढकललं की दुमडतं. सर्वांत जाड पात्याला मात्र कुणीही कशालाही जुंपतं. डब्याचं झाकण उचकटायला, काजळी खरवडायला, एकदा तर पावाला लोणी लावायला.

लोणी लावणारे म्हणजे माझे मालक. ते मोटरसायकली दुरुस्त करतात. सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, त्यांच्या घरचेसुद्धा.

आता मिस्त्री माझं काय करतात ते सांगतो. मोटरसायकलच्या इंजिनाच्या डोक्यात दोन झडपा असतात. एक पेट्रोलची वाफ आत घेते, दुसरी धूर बाहेर सोडते. प्रत्येक झडपेला वरून दाबणारा एक लोखंडी तुकडा असतो. तो तुकडा आणि झडप यांच्यामध्ये केसाएवढी जागा सोडावी लागते, कारण इंजिन तापलं की लोखंड फुगतं. जागा नसेल तर फुगलेली झडप नीट मिटत नाही आणि गाडी भर रस्त्यात दम सोडते. जागा जास्त झाली तर गाडी टकटक वाजत राहते. ही जागा ठीक करणं म्हणजे टॅपेट सेटिंग.

मिस्त्री माझं पातं त्या फटीत सरकवतात आणि डोळे मिटून हळूच मागेपुढे करतात. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, यांना झोप लागली. पण ते माझी कुरकुर ऐकत असतात, कानांनी नव्हे, बोटांनी. माझं इतकं मन लावून ऐकणारा माणूस मला दुसरा भेटलेला नाही.

मिस्त्रींच्या दुकानाला लागून एक शिंप्याचं दुकान आहे. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. दोन्ही दुकानांच्या मध्ये फळ्यांची एक भिंत आहे, तीही इतकी विरळ, की इकडे कुणी जांभई दिली तर तिकडे कळतं. मास्तरांची मोटरसायकल मिस्त्री बघायचे आणि मिस्त्रींचे कपडे मास्तर शिवायचे. दुपारी चहा एकच सांगायचा. मग कपातला कोण पिणार आणि बशीतला कोण, यावर रोज नव्याने वाद व्हायचा. तो वाद संपेपर्यंत चहा गार व्हायचा आणि दोघंही चहावाल्याला बोल लावायचे.

मास्तरांचा हात फार सफाईदार. फक्त एक अभिमान त्यांना होता. शिवणाऱ्या लोकांत अशी पद्धत असते, की शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड दुमडून ठेवायचं, म्हणजे पुढेमागे कपडा सैल करता येतो. त्याला माया म्हणतात. मास्तर ती सोडत नसत. "माप चुकणाऱ्यांनी सोडावी," असं ते म्हणत. त्यांचा कपडा अंगावर असा बसायचा, की माणूस आरशासमोरून हलायचा नाही.

एकदा मिस्त्रींनी दुकानात वापरायला जाड कापडाची पँट शिवायला टाकली. मास्तरांनी सकाळी दुकान उघडता उघडता माप घेतलं. मिस्त्री अजून काही खाऊन आले नव्हते.

"ताठ उभा राहा," मास्तर म्हणाले. "श्वास आत घे."

"घेतला."

"आता सोडू नकोस."

मिस्त्रींनी सोडला नाही. पँट तयार झाली तेव्हा तिच्यावर एक सुरकुती नव्हती. ती घालून मिस्त्री सकाळभर दुकानासमोर उभे होते. एरवी गिऱ्हाईक आलं तर मान वर न करणारा माणूस त्या दिवशी रस्त्यातल्या लोकांना हाक मारून वेळ विचारत होता.

दुपारी त्यांनी डबा खाल्ला. पोटभर खाल्ला. मग एका गाडीचे टॅपेट तपासले, मला मागच्या खिशात टाकलं आणि खाली पडलेला नट उचलायला ते उकिडवे बसले.

मी मागच्या खिशात होतो, त्यामुळे बातमी मला सगळ्यांच्या आधी कळली.

आवाज मोठा झाला. दुकानात गाडीची वाट बघत बसलेल्या लोकांनी आधी टायरकडे बघितलं. मग मिस्त्रींकडे बघितलं. मग जो तो छताकडे बघू लागला, आणि छताकडे बघता बघता एकजण जो हसला, त्याला आवरेना. मिस्त्री भिंतीला पाठ लावून, खेकड्यासारखे तिरके चालत शेजारच्या दुकानात गेले.

"मास्तर, ही काय पँट शिवलीस?"

"सकाळी तर दाखवत फिरत होतास."

"सकाळी उभा होतो."

"मग उभंच राहायचं होतं."

"उभ्याने इंजिन खोलू?"

"पँट जशी होती तशी आहे," मास्तर म्हणाले. "तू फुगलास."

हे ते हळू बोलले असते तरी चाललं असतं. पण फळ्यांच्या पलीकडे सगळे कान देऊन बसले होते आणि तिकडून पुन्हा हसू फुटलं. मिस्त्रींचा चेहरा उतरला. पडद्यामागे जाऊन त्यांनी सकाळी तिथेच सोडलेली जुनी पँट चढवली, फाटकी मास्तरांच्या टेबलावर टाकली आणि म्हणाले, "यापुढे तुझी गाडी तू बघ."

"बघेन," मास्तर म्हणाले. "त्यात काय मोठं?"

मिस्त्रींना फाटलेली पँट लागली नव्हती, हसणारी माणसंही लागली नव्हती. हे तीन शब्द लागले. मी त्यांच्या हातात इतकी वर्षं काढली आहेत, मला कळतं. ते तडक निघून गेले. जाताना खिसा रिकामा करायचं विसरले.

अशा रीतीने मी मास्तरांच्या टेबलाखाली चिंध्यांच्या गाठोड्यात येऊन पडलो, तोही त्या पँटच्या खिशात, अंधारात.

फळ्यांपलीकडून मला मिस्त्री शोधताना ऐकू येत होते. त्यांनी खोके उपसले, पाने खाली ओतले, चहावाल्यावर आळ घेतला. "इथेच होता, मी हाताने ठेवलाय," असं ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. सगळ्यांना विचारलं, फक्त शेजारी विचारलं नाही. शेवटी टॅपेटच्या गाड्या ते परत पाठवू लागले. आता चहा दोन सांगितले जाऊ लागले. चहावाल्याचा खप वाढला, पण तोही खूश नव्हता, कारण दोघांमधला टपालवाला तोच झाला होता.

"त्यांना सांग, मशीन जरा हळू चालवा," मिस्त्री म्हणायचे.

चहावाला फळीला वळसा घालून सांगायला यायचा. मास्तरांनी ते आधीच ऐकलेलं असायचं. "त्यांना सांग, आधी तुमचा हातोडा हळू चालवा." तो परत वळसा घालायचा.

मला वाटायचं, ओरडावं, मी इथे आहे म्हणून. पण पोलादाला तोंड फुटत नाही. मी फक्त फटीत कुरकुरू शकतो, आणि मला कुणी फटीत घालत नव्हतं.

मग मास्तरांची गाडी त्रास देऊ लागली. तापली की बंद पडायची. एकदा ती ढकलत ते मिस्त्रींच्या दुकानावरून गेले. मिस्त्रींनी मान वर केली नाही. हातातल्या पान्याकडे बघत, जणू पान्यालाच सांगतोय अशा सुरात ते म्हणाले, "कुणाचे तरी टॅपेट टाइट झालेत."

मास्तरांनी ते ऐकलं आणि गाडी जास्तच जोरात ढकलली.

त्याच संध्याकाळी त्यांनी चिंध्यांचं गाठोडं घरी नेलं. घरी काज-बटणाचं काम त्यांची बायको करते. मिस्त्री तिला वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. कुठलाही कपडा उसवण्याआधी खिसे तपासायचे, अशी वहिनींची शिस्त आहे. त्यांच्या बोटांना मी लागलो.

"अहो, हे काय निघालं?"

मास्तरांनी मला ओळखलं. "हा त्याचा फिलर गेज."

"अगबाई. भाऊजी शोधत असतील. देऊन या."

"देतो. आधी याच्यावर माझी गाडी करून घेतो. त्याच्याच हत्याराने. म्हणजे कळेल त्याला, त्यात काय मोठं आहे ते."

"आणि मग?"

"मग तू देऊन ये."

"मी नाही जायची. भांडण तुमचं आणि चक्कर माझी?"

मास्तरांच्या दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी मागच्या अंगणात जुनी चादर अंथरली गेली. मास्तरांच्या गळ्यात सवयीने मापाची टेप होती. मोबाइलवर एक व्हिडिओ लावला होता. त्यातला माणूस दर वाक्याला "एकदम सोपं आहे" म्हणायचा आणि महत्त्वाच्या क्षणी त्याचा अंगठा कॅमेऱ्यासमोर यायचा. मास्तरांनी इंजिनावर शिंप्याच्या खडूने खुणा केल्या. कुठला स्क्रू कुठला, ते चुकू नये म्हणून स्क्रू एका फडक्यावर मांडून त्यांच्याभोवतीही खडूने गोल काढले. इतकं नीटनेटकं इंजिन मी आजवर बघितलं नव्हतं. मला थोडी आशा वाटू लागली.

झाकणं निघाली. मास्तरांनी व्हिडिओत सांगितलेलं पातं निवडलं, फटीत घातलं, स्क्रू थोडा फिरवला आणि मी कुरकुरलो. कितीतरी दिवसांनी कुरकुरलो. बरोबर होतं. तिथेच थांबायचं होतं.

पण मास्तरांनी पातं काढलं, बॅटरीचा उजेड पाडला आणि फटीत डोकावून बघितलं.

"अगं, इथे जागा राहिलीय."

"तो ठेवा म्हणतोय ना?" वहिनींनी मोबाइलकडे बोट दाखवलं.

"त्याला फिटिंग काय कळतंय?" असं म्हणून मास्तरांनी स्क्रू आवळला. पुन्हा बघितलं, पुन्हा आवळला. मग माझं सर्वांत पातळ, हळवं पातं आत घालून बघितलं. ते जाईना. मास्तरांनी जोर लावला. ते दुमडलं. "बघ," मास्तर खुशीत म्हणाले, "आता कसं अंगाबरोबर बसलं."

गाडी पहिल्या किकला सुरू झाली. टकटक नाही, खडखड नाही, नुकतं तेल दिलेल्या शिवणयंत्रासारखी. मास्तरांनी मला शर्टच्या खिशात टाकलं आणि गाडी थेट मिस्त्रींच्या दुकानावरून नेली. सावकाश नेली. परत आणली. पुन्हा नेली.

मिस्त्री हातातलं काम सोडून उभे राहिले. मास्तरांना वाटलं, जळतोय. मी खिशातून बघत होतो. तो चेहरा जळणाऱ्याचा नव्हता, काळजीचा होता. गाडीचा तो मुकेपणा त्यांना ऐकू आला होता. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं.

पुढच्या फेरीला गाडी बरोबर त्यांच्या दुकानासमोर बंद पडली.

मास्तरांनी किक मारली. मारत राहिले. टेप गळ्यातून सुटून रस्त्यावर पडली. मिस्त्री दुकानाच्या पायरीपर्यंत आले आणि चहावाल्याला म्हणाले, "त्यांना सांग, गाडी निवू दे."

"मास्तर, गाडी निवू द्या."

"सांग, ऐकलं," मास्तर म्हणाले आणि गाडी ढकलू लागले. मिस्त्रींनी रस्त्यावरची टेप उचलली, झटकली, गुंडाळली आणि चहावाल्याच्या हातात दिली. हे मास्तरांनी बघितलं नाही. मी बघितलं.

घरी वहिनी तीच फाटकी पँट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय झालं?"

"सुरू झकास होते. तापली की मरते."

"म्हणजे उभी असली की झकास, आणि कामाला लागली की गेली?"

"तसंच."

वहिनींनी पँट वर धरली, फाटलेल्या जागेतून हात आरपार घातला आणि पलीकडे बोटं हलवून दाखवली. "असंच ना?"

मास्तर त्या हलणाऱ्या बोटांकडे बराच वेळ बघत राहिले.

"तो उपाशी होता तेव्हा," शेवटी ते म्हणाले.

"आणि उभे होते भाऊजी."

"मी श्वासही धरून ठेवायला लावला होता."

"तुम्हीच," वहिनी म्हणाल्या आणि सुई ओवू लागल्या.

त्यानंतर गाडी निवेपर्यंत कुणी तिला हात लावला नाही. अधूनमधून वहिनी येऊन इंजिनावर तळहात ठेवायच्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणायच्या, "अजून कणकण आहे." मास्तर तोवर एक कापड घेऊन बसले होते. ते काय कापतायत हे मला तेव्हा कळलं नाही.

इंजिन अगदी गार झालं तेव्हा दोघं पुन्हा चादरीवर बसले. या वेळी अडचण वेगळी होती. फट जुळली की वरचा नट आवळायचा, पण नट आवळताना खालचा स्क्रूही चोरपावलाने फिरायचा आणि फट मिटायची. याला तीन हात लागतात. मिस्त्रींना दोन पुरतात, ते कसे हे मलाही सांगता येणार नाही.

"तुम्ही हललात," वहिनी पाना धरून म्हणाल्या.

"मी नाही हललो. स्क्रू हलला."

"स्क्रू कुणाच्या हातात आहे?"

"अगं, तू नट आवळ, बोलणं नंतर आवळ."

असं बरंच झालं. मग मास्तरांनी वाद सोडला. त्यांनी पातं फटीत घातलं आणि डोळे मिटले. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी कुरकुरलो.

"मशीनच्या पायाखालून कापड सरकतं ना," ते डोळे मिटूनच म्हणाले, "धरून ठेवत नाही आणि सोडूनही देत नाही. तसं लागतंय."

"मग राहू द्या तसंच."

त्यांचा हात सवयीने पुन्हा स्क्रूकडे गेला. वहिनींनी त्यावर चापट मारली. नट आवळला गेला.

गाडी सुरू झाली तेव्हा बारीक टिकटिक येत होती. मास्तरांनी तोंड वाकडं केलं. "वाजतेय."

"वाजू दे," वहिनी म्हणाल्या. "चक्कर मारून या. लांबची मारा."

लांबची मारली. गाडी तापली, आणखी तापली आणि चालत राहिली. मास्तरांनी ती मिस्त्रींच्या दुकानासमोर आणून उभी केली, पण बंद केली नाही. मिस्त्रींचा डबा नुकताच संपला होता. दोन कप घेऊन येणारा चहावाला मास्तरांना बघून जागीच थांबला. मास्तरांनी त्याच्या खांद्यावरची आपली टेप काढून घेतली आणि आत गेले.

"बस," ते मिस्त्रींना म्हणाले.

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"घेतलं होतंस की."

"उभ्याचं घेतलं होतं. आता बसल्याचं घेतो. उकिडवा बस. आणि श्वास सोड."

मिस्त्री बसले. त्यांनी श्वास सोडला. मास्तरांनी टेप फिरवली.

"किती भरलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते तुला कशाला हवंय?"

मग मास्तरांनी मला खिशातून काढून हत्यारांच्या पेटीवर ठेवलं. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिले.

"हा कुठे होता?"

"तुझ्या खिशात."

"आणि पँट?"

"माझ्याकडे."

"म्हणजे याला मी उगाच बोललो," मिस्त्रींनी चहावाल्याकडे बघितलं. चहावाल्याने आकाशाकडे बघितलं.

बाहेर गाडी चालूच होती. मिस्त्री उठले, तिच्याजवळ गेले आणि डोळे मिटून उभे राहिले. तापलेल्या इंजिनात मला घालता येत नाही, त्यामुळे हा निकाल त्यांना एकट्यालाच द्यायचा होता. मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते.

"टॅपेट कुणी केले?"

"मी. म्हणजे आम्ही. हिने पाना धरला."

"धूर सोडणारी झडप बरोबर आहे. दुसरी थोडी सैल आहे."

"मग कर तू नीट."

मिस्त्रींनी मला उचललं, माझं दुमडलेलं पातं अंगठ्याने सरळ केलं आणि खिशात टाकलं. "नको," ते म्हणाले. "आहे तशी राहू दे. चांगली चालतेय."

मास्तरांनी टेप बोटावरून सोडवली. "त्या दिवशी मी म्हणालो होतो, त्यात काय मोठं."

"म्हणाला होतास."

"मोठं आहे."

चहावाल्याच्या हातातला एक कप मिस्त्रींनी घेतला, दुसरा परत पाठवला आणि म्हणाले, "बशी माझी."

त्या पँटचं पुढे काय झालं, ते सांगायला मीच योग्य आहे, कारण मी तिच्यातच राहतो. तिच्या आसनात आता एक ऐसपैस कळी, म्हणजे जास्तीच्या कापडाचा तुकडा, घातलेली आहे. गाडी निवेपर्यंत मास्तर कापत होते ते हेच. त्यांनी शिवलेल्या कपड्यांपैकी ही पहिली पँट, जिच्या प्रत्येक शिवणीत माया सोडलेली आहे. दिसायला ती पूर्वीइतकी देखणी नाही, मागून जरा लोंबते. मांडीवर माझ्यासाठी एक लांबट खिसा आहे, म्हणजे पुन्हा कुणी माझ्यावर बसू नये.

मी आता जुना झालो. आकडे पुसट झालेत. हळवं पातं सरळ केलं तरी थोडं वाकडंच राहिलं, पण ते तक्रार करत नाही. तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदाच घरी गाडी उघडून बसणार असेल, तर त्याला माझी एवढीच विनंती आहे. आधी ती निवू द्या. माझी कुरकुर ऐकू आली की हात मागे घ्या. फट दिसली म्हणून घाबरू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते. आणि हत्यार शेजाऱ्याचं असेल तर स्वतः नेऊन द्या, बायकोला पाठवू नका.

आता पुरे करतो. मिस्त्रींचा डबा संपलाय. समोर एक गाडी निवत उभी आहे आणि तिच्यापुढे ते उकिडवे बसायच्या बेतात आहेत. फळ्यांपलीकडे मास्तरांचं मशीन एकाएकी थांबलंय. ते तिकडून कान देऊन आहेत, मी इकडून.

बसले.

मशीन पुन्हा सुरू झालं.